हालू नका, वयनी!

म्हशीले रामराम केल्याबिगर कोनाच्या आंगनात पाय न टाकनारा मानूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, तो म्हंजे आमच्या दिघोरीच्या शाळेतला डराइंगचा मास्तर. मूळचा तुमसरचा. खांद्यावर झोला, कानावर पेन्सिल, आन दोन पायात दोन रंगाच्या चपला. कोनी हासलं त म्हने, "एकसारख्या त साऱ्यायच्याच रायतेत."

पयल्या दिवशी त्यानं पोरायले गावाचं चित्र काढाले लावलं. साऱ्या पोरायनं दोन डोंगर, मधात सूर्य, आन बाजूले नारळाचं झाड काढलं. मास्तर भडकला. "दिघोरीत नारळाचं झाड कुठं आहे बे?" एक पोरगा म्हने, "गुर्जी, किरान्याच्या दुकानामागं असन. नारळ तिथंच भेटते." तवापासून त्यानं पोरायले वर्गात बसूच देल्लं नाई. तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, धानाच्या तनसीच्या ढिगावर, जिथं पाहा तिथं पोरं कागद घेऊन बसलेले. आमी धानाचा रोवना करून राहिलो त हा बांधावरून वरडे, "हालू नका! कोनीच हालू नका!" आमी बाया चिखलात वाकलेल्या तशाच थांबो, आन तिकडून शेतवाला शिव्या देऊन राहिला. मी म्हनलं, "मास्तर, कंबर मोडून राहिली, लवकर काढा." त म्हने, "वयनी, कंबरच काढून राहिलो."

माह्या पोरायचा बाप साप चावून गेला, तवा माह्या घरात दोन लेकरं आन एक म्हैस रायली. तिचं दूध चहाच्या हाटेलात जाये, तवा आमची चूल पेटे. रडत बसाले वेळ कुठं होता? तिचं डावं शिंग खाली वळून डोळ्यापाशी आलं होतं. मास्तराले ते शिंग असं आवडलं का सारा हिवाळा त्याचा वर्ग माह्या गोठ्यातच भरला. मी दूध काढू, पोरं मले आन म्हशीले काढेत. "गुर्जी, म्हैस मुतली!" "मंग तेबी काढ. जे दिसते ते काढ."

एक दिवस म्हैस दोर तोडून गेली. हिंडून हिंडून पायाचे तळवे सोलले. शेवटी लाखांदूराकडच्या एका कोंडवाड्यात दिसली, पन तिथं एक धोतरवाला आधीच उभा. "म्हैस माही," म्हने. मी डाव्या शिंगाची खून सांगतली. कोंडवाडावाला म्हने, "बाई, शिंग पाहून कोनीबी सांगन. पुरावा आना." म्हशीचा पुरावा कुठून आनू? घरी येऊन थंड्या चुलीपुढं बसली. लेकरं उपाशीच झोपले.

माह्या पोरानं शाळेत सांगतलं, आन सकाळीच मास्तर मले आन साऱ्या वर्गाले घेऊन यष्टीत बसला. कोंडवाड्यात पोरायनं चित्रं मातीत मांडले, वर गोटे ठेवले. धोतरवाला हासला. "ह्या म्हशी होत का डुकरं? आन हिले पाच पाय कायले?" पोरगा चिडला. "पाचवी शेपूट होय जी!" पन साऱ्या चित्रात डावंच शिंग खाली, आन साऱ्या चित्रात म्हशीखाली ठिगळाच्या लुगड्याची एक बाई. कोंडवाडावाल्यानं चित्र पायलं, म्हैस पायली, मले पायलं. "हे त तूच होय, बाई." धोतरवाला कवा सटकला, समजलंच नाई. आमी म्हैस घेऊन पायी परत आलो. पोरं रस्ताभर नाचत होते, मास्तर म्हशीसंग बोलत होता.

शाळा बंद ठेवली म्हनून हेडमास्तर लय बोलला त्याले. पुढच्या साली बदली झाली. तो निंगाला त्या दिवशी मी म्हशीले चारता चारता फाट्यावर गेली. मास्तर यष्टीच्या खिडकीत बसला होता, मांडीवर कागद, कानावरची पेन्सिल हातात. यष्टी सुरू झाली तसा वरडला, "वयनी, हालू नका!"

मी हालली नाई. म्हैसबी नाई हालली, तिले सवय होती. यष्टी वळनाआड गेली, धूळ बसली, तरी आमी दोघी तशाच.

तो कागद मले कवा पायाले भेटला नाई. आता म्हैस नाई, मास्तराचाबी पत्ता नाई. पन कुठं तरी त्या कागदावर मी अजून उभी असन, दोर हातात धरून. कंबर तेवढी सरळ काढली असन त बरं.