तळाची डाळ

स्वतःच्या शरीराला उसाचं रान समजणारा माणूस आमच्या थोरल्या मामांखेरीज ढोकीच्या पंचक्रोशीत दुसरा झाला नसेल. आई मला घेऊन माहेरी परतली, तेव्हा घरात तुरीची डाळ शिजायची मूठभर आणि खाणारी माणसं सात. मामा पातेलं ढवळू द्यायचे नाहीत. वरचं पाणी स्वतःच्या भाकरीवर ओतून घ्यायचे आणि तळाचं घट्ट माझ्या ताटात. "उगवत्या पिकाला खत आधी," म्हणायचे. त्या तळाच्या डाळीवर मी घरातली पहिली पदवीधर झाले, तीही रसायनशास्त्राची, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते.

मामा उसाशी बोलायचे, पान पिवळं दिसलं की त्याची माफी मागायचे, आणि बाजाराच्या दिवशी भुसार दुकानातल्या पोत्याच्या काट्यावर चढून स्वतःचं वजन करायचे. दवाखान्यातला काटा "डाक्टरच्या बाजूनं बोलतो" हा त्यांचा कायमचा आरोप.

मग त्यांच्या किडन्या थकल्या. धाराशिवच्या डॉक्टरांनी रक्तात युरिया वाढलाय म्हणून सांगितलं, डाळ मापात खा म्हणून कागद लिहून दिला. मामा एस्टीत हसत बसले. "जलमभर उसाला युरिया घातला, त्यो माज्यातच निगाला की!" घरी येऊन त्यांनी उसाचाच इलाज केला: खत बंद. डाळ बंद, दूध बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. अर्धी भाकर अन् मिरचीचं पाणी. दोन महिन्यांत काटा अठ्ठावन्नवरून अठ्ठेचाळीसवर आला, मांड्या वाळल्या, आणि युरिया होता तसाच चढलेला.

"पोरी, घालतच न्हाय तर येतोय कुठनं?"

मी सांगितलं. डाळीतला नायट्रोजन अंगाला लागतो, उरलेला युरिया होऊन लघवीवाटे जातो. पण खाणंच तोडलं, की शरीर स्वतःचं मांस मोडून चूल पेटती ठेवतं. त्याचाही युरियाच होतो.

मामा दंडाची लोंबती कातडी चिमटीत धरून बघत राहिले.

"म्हंजे म्या मलाच खायलोय व्हय?" मग कातडी सोडून, "आन् कवापास्नं?"

मला ते पातेलं आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या कागदाबरहुकूम पोटभर भाकरी आणि मोजून एक लहान वाटी वरण. वाढायला मी बसायचे. "मास्तरीणबाई, वरचं पानी घाला, सवय हाय," मामा म्हणायचे. मी तळाचं घालायचे.

किडन्या काही सुधारल्या नाहीत. मामा गेले. पण त्याआधीचे अकरा महिने, दर बाजारी, पोत्याच्या काट्यावर ते जराही न घटता अठ्ठेचाळीस किलोच भरले.