समुद्राच्या टाकीला पितळी कॉक

वालीवचा पितळेचा कारखाना बंद झाला आणि माझे सासरे गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. घरात आम्ही सगळेच त्यांना बाबा म्हणायचो. खाडीकाठच्या शेतकऱ्याचा हा मुलगा तरुणपणी भातशेती भावांवर सोपवून लेथवर उभा राहिला आणि पुढे आयुष्यभर नळ आणि कॉक बनवत राहिला. एका दुपारी मालकाने सगळ्यांना बोलावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांना सकाळी उठून कुठे जायचं हेच उरलं नाही. समोर गोखिवऱ्याच्या नव्या इमारतींची कामं चालायची, तिकडे ते बघत बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास खायचे आणि परत खुर्चीत. त्यांच्याकडे बघून मला अन्न गोड लागायचं नाही.

माझ्या नवऱ्याने त्यावर जो उपाय काढला तो ऐकून मी कपाळाला हात लावला. त्याला हॉलमध्ये समुद्राची टाकी करायची होती. साधे मासे ठेवायची काचेची पेटी नव्हे, तर भिंतभर लांब, प्रवाळ आणि शंख आणि कोळंबी असलेली, समुद्री जीव चिकटलेल्या खडकांची टाकी. कुठल्याशा दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या त्याने तशी एक पाहिली होती. तेव्हा प्रवाळ दुकानात मिळायचं. पुढे त्यावर बंदी आली, ते चांगलंच झालं.

"नळाला पाणी नाही, टँकर मागवावा लागतो," मी म्हटलं, "आणि तुम्ही घरात समुद्र आणताय?"

"बाबांना काम मिळेल," तो म्हणाला. "पाइपाचं सगळं त्यांच्याकडे देतो."

टाकी माशांसाठी नव्हतीच, बाबांसाठी होती. आमचा फ्लॅट तळमजल्यावर होता, तेव्हा एवढं वजन पेलेल का हा प्रश्नही माझ्या हातून निसटला.

नवरा अंधेरीच्या एका कंपनीत ड्रॉइंगं काढायचा. त्याने टाकीचं एक मोठं चित्र काढून जेवणाच्या टेबलावर पसरलं. वरच्या टाकीचं पाणी कोपऱ्यातल्या भोकातून खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरणार, तिथे घाण गाळली जाणार, आणि मग पंप ते पाणी परत वर चढवणार. वर किती पाणी जाऊ द्यायचं ते ठरवायला त्या पाइपावर एक कॉक. चित्र मुद्दाम बाबांच्या ताटाशेजारीच ठेवलं होतं. त्यांनी जेवता जेवता त्याच्याकडे दोनदा पाहिलं, हात धुऊन आले आणि चष्मा मागितला.

"कोन टाकतं इथं एल्बो?" ते म्हणाले. "लांब बेंड दे. पानी अडखलंल ना."

कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य असेल. मी स्वयंपाकघरात होते, तिथेच थांबले.

मग आमच्या घरात पंप या एकाच विषयावर बोलणं सुरू झालं. पाण्यात बुडणारा पंप घ्यावा तर तो पाणी तापवतो, आणि प्रवाळाला गरम पाणी सोसत नाही. बाहेर बसणारा घ्यावा तर तो घरघरतो. बाबा म्हणाले, बाहेरचाच घ्या, खाली रबराचा जाड तुकडा द्या, म्हणजे कुरकुर थांबेल. खालची टाकी केवढी हवी, यावर बापलेकांचं चांगलंच वाजलं. बाबांचं म्हणणं, लाइट गेले की वरचं पाणी खाली उतरणार, त्याला जागा ठेवा, नाहीतर हॉलमध्ये पोहावं लागेल. आमच्याकडे लाइट तर सारखेच जायचे. टेबलावर पीव्हीसीचे तुकडे, सोल्यूशनचा डबा, टेप. जेवायला आम्ही जमिनीवर बसायला लागलो. सांधे गळू नयेत म्हणून बाबा जुन्या सवयीने सफेदा आणि सुतळी लावायला निघाले होते, तिथे नवऱ्याने कशीबशी टेपवर त्यांची समजूत घातली. त्या दिवसांत बाबा भाकरी मागून घेत. सासूबाई माझ्याकडे बघून नुसत्या हसायच्या.

गाडी अडली ती कॉकवर. नवऱ्याने प्लास्टिकचा आणला. बाबांनी तो हातात फिरवला आणि खाली ठेवला.

"ह्यो उद्या हातात येईल. मी बनवतो."

ज्या दुकानातून नवरा सामान आणायचा त्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पाण्याला धातू लागता कामा नये, तांबं-पितळ तर मुळीच नाही, त्याने शंख-कोळंबी मरतात. नवऱ्याने ते बाबांना सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "जहाजावर काय असतं? पितलच ना? खाऱ्या पान्यात कित्येक वर्सं ऱ्हातं." पितळ टिकेल, पण शंख मरतील, हे नवऱ्याने नंतर मला सांगितलं, बाबांना नाही. दुसऱ्या दिवशी बाबा ठेवणीतला शर्ट घालून वालीवला गेले. त्यांच्या जुन्या सोबत्याचं एक छोटं वर्कशॉप अजून चालू होतं. तिथल्या लेथवर त्यांनी आपल्या हातांनी कॉक कातला, आटे पाडले, दाब देऊन तपासला, आणि संध्याकाळी फडक्यात गुंडाळून घरी आणला. चेहरा असा की घरात बारसं असावं.

"आतून-बाहेरून निकेलचा मुलामा करून घेऊ," नवरा मला आत येऊन म्हणाला. "मग पाण्याला पितळ लागणारच नाही."

त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता, हे मला दिसत होतं. पण बाहेर बाबा तो कॉक उघडबंद करून सासूबाईंना दाखवत होते. मी म्हटलं, बसवा.

टाकी लागली. आधी राजोडीहून समुद्राचं पाणी कॅन भरभरून आणलं, पण ते इतकं गढूळ की निवळेपर्यंत त्याला वास यायला लागला. शेवटी मिठाची पोती आणून टँकरचं पाणी खारं केलं. खडक आले, मग शंख, मग लाल पट्ट्यांची कोळंबी, दोन-चार मासे, आणि सर्वांत शेवटी बोटांसारखं हलणारं मऊ प्रवाळ. खरं सांगते, ते पहिल्यांदा उमललं तेव्हा माझी सगळी कुरकुर विरघळली. शेजारीपाजारी बघायला यायचे. बाबा त्यांना आधी खालच्या कपाटाचं दार उघडून कॉक दाखवायचे आणि मग मासे.

पावसाळा संपला आणि शंख काचेवरून गळून पडायला लागले. कोळंबी एका सकाळी पांढरी होऊन पडलेली दिसली. प्रवाळ मिटलं ते उघडेना. मासे मात्र फिरत होते. नवऱ्याने दुकानातून पाणी तपासायची बाटली आणली आणि बाबा देवळात गेलेले असताना थेंब टाकून पाहिले. पाणी निळं झालं. पाण्यात तांबं उतरलं होतं. खाऱ्या पाण्याने मुलामा केव्हाच खाल्ला होता. कॉक स्वतः मात्र धडधाकट होता.

"सांगून टाका," मी म्हटलं.

"नको. परत खुर्चीत जातील."

"मग कॉक तरी बदला."

"रोज सकाळी फडक्याने पुसतात तो. बदलला तर कळणार नाही का?"

बाबा परत आले तेव्हा त्याने त्यांना सांगितलं की लाइट जातात, पंप थांबतो, पाण्यातली हवा संपते, म्हणून हे मरतंय. मला ते आवडलं नाही, पण खुर्चीची भीती मलाही होती. आम्ही दोघांनीही बाबांना ओळखलं नव्हतं. लाइट गेल्याने मरतंय म्हटल्यावर ते दरवेळी लाइट गेले की स्टूल घेऊन टाकीशी बसायला लागले. प्लास्टिकच्या मगाने पाणी उचलायचं आणि वरून सोडायचं, उचलायचं आणि सोडायचं, लाइट येईपर्यंत. खांदा दुखायचा, तर हात बदलायचे. आम्ही म्हणायचो, राहू द्या. ते म्हणायचे, "जीव हायत ते." नवरा ते बघायला लागू नये म्हणून बेडरूममध्ये जाऊन बसायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा.

दिवाळीच्या आधी सासूबाई देवांची भांडी चिंचेने घासत बसल्या होत्या. लाइट गेलेले, बाबा मग घेऊन स्टुलावर, नवरा सुट्टीमुळे घरीच. हात चिंचेने भरलेच आहेत तर तुमचा कॉकही लखलखीत करून देते म्हणत सासूबाईंनी कपाट उघडलं आणि वाकून पाहिलं. कॉकच्या सांध्यापाशी हिरवा थर धरला होता. बाबांना वाकता येईनासं झालं होतं, ते वरूनच फडकं फिरवायचे.

"अगोबाई," सासूबाई म्हणाल्या, "हे तर कलकलंय. ताक ठेवतं का कोन बिनकल्हईच्या पितलेत? तसंच हे खारं पानी. सगलं पानी कलकलं असंल, जहर झालं असंल."

इतकं साधं. कुठल्याही घरातली बाई सांगेल असं. त्यांनी ते सहज म्हटलं आणि चिंच पुढे केली.

बाबांचा मग हातातच राहिला. त्यांनी कॉककडे पाहिलं नाही. मुलाकडे पाहिलं, तर तो जमिनीकडे बघत होता.

"तुला ठावं होतं."

नवऱ्याने मान हलवली, पण हो की नाही ते कळेल अशी नाही.

"आनि मी हितं मगानं पानी उपसतो."

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

बाबांनी हातातला मग टाकीच्या काठावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नव्हता, एवढं मला पक्कं आठवतं.

"मालकानं निदान तोंडावर सांगितलं होतं," ते म्हणाले.

स्टुलावरून उठायला त्यांना मुलाचा हात लागायचा. त्या दिवशी तो त्यांनी घेतला नाही. काचेला धरून उठले आणि गॅलरीत गेले. सासूबाई चिंचेचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं. तेवढ्यात लाइट आले, पंप सुरू झाला आणि त्या कॉकमधून पाणी वर चढायला लागलं. शेवटपर्यंत त्यातून एक थेंब गळला नाही.