पूर्ण एक मिनिट

देवासच्या कारखान्यात तीस वर्षं मी स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या कामाचा वेळ मोजला. पंधरा सेकंद बघायचं आणि चारने गुणायचं, एवढ्यावर नोकरी निभावली. त्यामुळे निवृत्तीनंतर मी पक्का उंटावरचा शहाणा झालो होतो.

आमच्या मराठी मंडळाने गणपतीची रोषणाई कमी करून शहरातल्या वस्त्यांत घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या 'आशा' कार्यकर्त्यांच्या, म्हणजे आशाताईंच्या, प्रशिक्षणाचा खर्च उचलला, तेव्हा समितीत कुरकुर केली ती मीच. पाच दिवस कशाला, दोन पुरेत. एकदा वर्गात डोकावलो, तर सगळ्याजणी झोपलेल्या बाळाच्या व्हिडिओकडे टक लावून त्याचे श्वास मोजत होत्या. अर्धा दिवस तेवढंच चाललं. पुढच्या तुकडीचे दिवस कमी करायचा ठराव मी घरी येऊन लिहूनच टाकला.

त्याच महिन्यात मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली. नातू आठ दिवसांचा झाला आणि त्या सकाळी दूध ओढेना. पोट भरलं असेल, असं मी म्हणालो. बायकोने मला न विचारता मागच्या वस्तीतल्या आशाताईला बोलावलं. ती त्याच वर्गातली. घरी इथली माळवी बोली बोलणारी, पण आमच्याशी हट्टाने मराठी बोलायची.

तिने हात धुतले, बाळाचं झबलं वर केलं आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. मीही मोजलं. पंधरा सेकंदांत बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस. ठीक आहे, असं मी जाहीर करून टाकलं.

तिने मान वर केली नाही. मिनिट संपल्यावर म्हणाली, "काकाजी, पूरा मिनिट मोजावा लागतो. इतकं छोटं बाळ रुक-रुक के श्वास घेतं. मध्येच थांबतं, मग पळतं."

तिचे चौसष्ट आले होते. साठच्या वर म्हणजे धोका, आणि खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजायचं, असं तिला शिकवलेलं. या वेळी मी तिच्यासोबत मिनिटभर मोजलं. त्या इवल्याशा पोटावर तिची नजर खिळलेली होती. हातात घड्याळ घेऊन मी आयुष्य काढलं, पण एक मिनिट एवढं मोठं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. तिचे सहासष्ट आले. माझेही.

अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. न्यूमोनिया निघाला. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

नातू घरी आल्यावर समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी माझा ठराव वाचायला घेतला. मी त्यांना थांबवलं, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना शेजाऱ्याचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायला सांगितलं. कोणी हसलं, खजिनदारांचा फोन वाजला, सचिव सातावरच आकडा विसरले.

"हे दोन दिवसांत शिकवून दाखवा," मी म्हणालो, "मग ठराव वाचा."

ठराव कोणी वाचला नाही.