अर्धा शब्द पुढे

बुद्धवंदना मला लग्नाआधीपासून पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं ती पाठ आहे एवढ्याचसाठी मी म्हणत आले. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. रोज चाळीस मुलांची हजेरी घ्यायची, तशीच पौर्णिमेला नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या विहारात वंदना म्हणायची. ओठ हलत, मन घरी कुकरपाशी असे. शेजारी सासूबाई बसत. त्यांचा आवाज मोठा, आणि खोड अशी की त्या सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे पळत. बाकीचे 'नमो'वर असताना त्या 'तस्स'वर पोचलेल्या असत. पुढच्या बायका मागे वळून हसत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. एकदा मी हे बोलून दाखवलं. "हळू म्हटलं का मले पुढचं आठवत नाही वं," त्या म्हणाल्या. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा तेच.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. विहारातल्या मंडळींनी थायलंडची सहल काढली. माझ्या यजमानांना कोराडीच्या वीज केंद्रातून रजा मिळेना, म्हणून त्यांच्या आईला घेऊन जायचं माझ्याकडे आलं. आम्ही बावीस जण होतो. प्रमुख आमच्या विहाराचे सचिव मेश्रामकाका. कलकत्त्याहून निघालेलं विमान उतरेपर्यंतच सासूबाईंच्या प्रश्नांनी मी दमले होते. खिडकी उघडत काहून नाही, खाली समुद्र असेल तर दिसत काहून नाही.

बँकॉक पाहायच्या दिवशी नेमकी पुनव होती. सासूबाईंनी पांढरं पातळ नेसलं आणि मलाही नेसायला लावलं. फोटोसाठी मी नवीन छापील साडी नेली होती, पण सकाळी सकाळी वाद नको म्हणून ऐकलं. नदीकाठच्या एका मोठ्या विहारात आम्हाला तासभर दिला होता. पोचताच मी त्यांना मूर्तीसमोर बसवलं, "काकांच्या सोबत या" असं सांगितलं आणि आवारात एकटी हिंडत राहिले. काकांना मात्र काही सांगितलं नाही. परत बसमध्ये चढले तेव्हा आमची मागची जोडीची जागा सोडून मी पुढे खिडकीशी बसले. कुणीतरी दोन घटका माझ्याशी बोलू नये, एवढंच मला हवं होतं. काकांनी दारातून विचारलं, "सुनबाई, मागचे सगळे आले का?" मी बाहेर बघत म्हटलं, "आले."

शाळेच्या सहलीत मी मुलं दोनदा मोजते. तिथे मी मान वळवली नाही.

बाजाराशी उतरलो तेव्हा सासूबाई नव्हत्या. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये, हॉटेलचं कार्डही माझ्याच पर्समध्ये. त्यांना वऱ्हाडीशिवाय भाषा येत नव्हती, आणि वय सत्तरीच्या पुढे. आमची थाई गाइड मला टॅक्सीने परत त्या विहारात घेऊन गेली. वाहतूक अशी अडलेली की पोचायला तासावर वेळ गेला. वाटेत तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, आजींच्या अंगावर काय आहे? मी म्हटलं, पांढरं. तिने कपाळाला हात लावला. आवारात शिरल्यावर मला त्याचं कारण कळलं. पुनवेमुळे शेकडो म्हाताऱ्या दिवसभरासाठी तिथे आल्या होत्या आणि झाडून सगळ्या पांढऱ्या कपड्यांत होत्या; सकाळी हिंडताना माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

गाइड पोलिसांना कळवायला गेली. मी एकेक चेहरा पाहत फिरले. मूर्तीसमोर, पाणपोईपाशी, नदीच्या पायऱ्यांवर. पायऱ्यांपाशी तर पाण्याकडे बघायचा धीर होईना. यजमानांना तार कशी करायची, तिच्यात कोणते शब्द लिहायचे, हेही मनात येऊन गेलं. शेवटी मोठ्या मंडपाच्या दाराशी येऊन थांबले. तेवढ्यात एका अनोळखी म्हातारीने माझं पांढरं पातळ पाहिलं. तिला वाटलं असावं, मी बसायला आले आहे आणि जागा सापडत नाही. तिने माझा हात धरला आणि आपल्या ओळीत नेलं. मी हात सोडवून घ्यायला हवा होता. पण शोधायचं त्राणच उरलं नव्हतं. मी बसले, हात जोडले. मनात काही मागितलंसुद्धा नाही. आता माझ्या हातात काही नाही, एवढंच कळलं.

वंदना सुरू झाली. शब्द ओळखीचे, चाल फार संथ, उच्चार वेगळे. शेकडो आवाज एकात एक मिसळून चालले होते. आणि त्यातून एक आवाज अर्धा शब्द पुढे पळाला.

मी उभी राहिले नाही. त्या आवाजामागे, त्याच घाईने, मोठ्याने म्हणू लागले. आजूबाजूच्या बायकांनी वळून पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लाज म्हणून कसली वाटत नव्हती.

संपल्यावर चार ओळी पुढे सासूबाई दिसल्या. म्हणाल्या, "सकाळी वंदना चालू होती, मधातून उठता येते का? बाहेर आली तं बस गेलती. मंग या बायाईनं जेवू घातलं मले. काहून रडून राहिली वं? मले मालूम होतं, तू येशीनच."

बसमध्ये परतल्यावर मी त्यांना सांगितलं, "आई, सकाळी मी मागे पाहिलंच नाही. न बघताच 'आले' म्हटलं." त्या आपली पिशवी उचलून बाजूला सरकल्या. "तुले खिडकी लागते न," त्या म्हणाल्या, "बस इथं."

आमच्यात देव मानत नाहीत, म्हणून त्या दिवसाला कृपा म्हणावं का, आणि कुणाची, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या म्हातारीने चुकून माझा हात धरला असेल. मी त्या चुकीचीही ऋणी आहे. दर पौर्णिमेला 'बुद्धं सरणं' म्हणत होते, पण त्या मंडपात जमिनीवर बसले तेव्हा पहिल्यांदा खरी शरण गेले. सासूबाई मात्र सकाळपासून तशाच बसल्या होत्या, आणि त्यांचा भरवसा होता तो माझ्यावर.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. पौर्णिमेला मी विहारात त्यांच्या जागेवर बसते. परवा पुढच्या ओळीतल्या दोन मुली मागे वळून हसल्या, तेव्हा लक्षात आलं की मी अर्धा शब्द पुढे होते. मी तशीच म्हणत राहिले.