लाईनमनचं नव्याण्णव

लाईनमन कोणतीही वस्तू पूर्ण ताकदीने चालवू देत नसे. घरात पंखा तीनवर, मिक्सर एकवर. बायको म्हणायची, "ह्यांच्या घरात चटणीसुद्धा जाडीभरडीच खावी लागती." त्याचं उत्तर ठरलेलं, "आकडे दिलेत म्हणून शेवटच्याच आकड्यावर ठेवायचं का?" वीज खात्यातून निवृत्त झाल्यावरही पेडगाव त्याला लाईनमनच म्हणत असे. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून मला अक्का म्हणायचा. माणूस हट्टी आणि फटकळ. मीही तशीच, म्हणून पटलं.

आमच्या विहाराला लागून पत्र्याची अभ्यासिका आहे. तिथला कॉम्प्युटर त्याने एकेक भाग गोळा करून जोडला. डबा एकाकडचा, आतलं सामान परभणीतून, पंखा तिसऱ्याच मशीनचा. मी खोली झाडायला जात असे. डब्याच्या भोकांतून धूळ जाते म्हणून मी जुन्या लुगड्याची, आत चिंध्या भरून, चांगली झूल शिवली. टीव्हीला घालतो तशी घातली. तासाभरात मशीन बंद. लाईनमन आला, झूल उचलली आणि डब्याला उलटा हात लावला.

"अक्का, ताप आलेल्याला तुमी गोधडी पांघरायलात व्हय?"

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं का तुला?" मी म्हटलं आणि झूल घरी नेली.

पण ऊन वाढलं तसं मशीन झुलीवाचूनही बंद पडू लागलं. माझी नात आणि तिच्या दोन मैत्रिणी तिथे पोलीस भरतीचे सराव पेपर सोडवत. पेपर अर्धा झाला की पडदा काळा. गावात त्यांना दुसरी सोय नव्हती, आणि रोज परभणीला जायला त्यांच्या घरचे पाठवत नव्हते. मशीन गेलं असतं तर मुलींचा अभ्यासच गेला असता. विहार कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त कारकून, बैठकीत म्हणाले, "डबडं भंगारात द्या. खोलीत मांडवाचं सामान ठेवू." वर हसून म्हणाले, "लाईनमन, खांबावर चढणं वेगळं आन् हे वेगळं."

"करंट तोच हाय, साहेब," लाईनमन म्हणाला. "आठ दिवस थांबा. मग भर दुपारी बारा ते चार चालवून दाखवतो. मधी बंद पडला तर मीच भंगारात नेऊन टाकतो."

आठ दिवस तो कॅलेंडरच्या पाठीवर मशीनचा ताप लिहीत बसला. पंखा पुसला, डबा भिंतीपासून लांब ओढला. सातव्या दिवशी मला हाक मारली. पडद्यावर, प्रोसेसरला जास्तीत जास्त किती ताकद द्यायची, तिथे शंभर टक्के लिहिलं होतं. त्याने नव्याण्णव केलं.

"एका टक्क्यानं काय होतंय?" मी म्हटलं. "सात दिवस एवढ्यासाठी घातलेस?"

"शंभर दिले की ह्याला ठरल्यापेक्षा जास्त पळायची मुभा मिळती, अक्का. मग पळतंय, तापतंय आन् पडतंय. एक काढला की मुभाच गेली."

बाजूला तापाचा आकडा नव्वदीच्या वर होता. थोड्या वेळात सत्तरच्या खाली आला. मी चौथी शिकले आहे, आकडे वाचता येतात.

दुसऱ्या दिवशी कमिटी बाराला येऊन बसली. माझ्या नातीने पेपर लावला. दोनला लाईट गेली, मशीन लाईनमनने जोडून ठेवलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालू राहिलं. अध्यक्ष म्हणाले, "जरा हळू चालायलंय."

"हळू चालायलंय, पण चालायलंय की," लाईनमन म्हणाला. "तुमीबी ऑफिसात हळूच चालवत होता. कुणी भंगारात दिलं का?"

पोरी हसल्या. मीही हसले. चारला मुलींचा तिसरा पेपर संपला. अध्यक्ष उठले आणि चपला घालून गेले. मांडवाचं सामान बाहेरच राहिलं.

त्या संध्याकाळी लाईनमनने तीच मुभा मशीनच्या मुळातच, म्हणजे सुरू होतानाच उघडणाऱ्या आतल्या सेटिंगमध्ये, बंद केली आणि तिथे पासवर्ड घातला. तो फक्त मला सांगितला. "शिकलेल्यांना सांगितलं तर उद्या शंभर करतील," म्हणाला.

दोन वर्षांनी तो गेला. छातीत दुखलं, परभणीला नेईपर्यंत संपलं. मी रडले नाही. अभ्यासिका मात्र दुसऱ्या दिवशीही उघडली. कोणी म्हणालं, सुतक पाळा. मी म्हटलं, पोरींची परीक्षा सुतक पाळणार आहे का?

यंदा कमिटीने एक शिकलेला पोरगा आणला. मशीन उघडून बघतो आणि म्हणतो, "आजी, ह्याची अर्धी ताकद वाया जायलीय. पासवर्ड सांगा, वेगात करून देतो." अध्यक्षही मागे उभे होते.

"न्हाई," मी म्हटलं.

"का?"

"पोरींचे पेपर झाल्यावर ये. तेव्हाबी न्हाईच सांगणार, पण तवा बसून बोलू."