गाळातली येळवस

दुष्काळ पडला म्हणून मनातून सुखावलेलं घर अख्ख्या ढोकीत आमचं एकच असावं. ऐकायला वाईट वाटेल, पण खरं ते खरं. आमचं रान सरकारनं बांधलेल्या तलावात गेलं होतं. पाणी आटलं की ते वर येणार, एवढंच आम्हाला कळत होतं.

रान गेलं त्या साली वडील ढोकीला उसाचा ट्रॅक्टर चालवायला लागले. कारखान्याजवळ एका खोलीत आम्ही संसार मांडला. आईला खोलीचं दुःख नव्हतं, पाण्याच्या रांगेचंही नव्हतं. तिचं दुखणं वर्षातून एकदाच उसळायचं, मार्गशीर्ष अमावास्येला. त्या दिवशी, येळवशीला, आमच्या भागातली गावं ओस पडतात. ज्याला रान आहे तो रानात कडब्याची छोटी झोपडी, म्हणजे कोप, उभारतो, पूजा करतो, पिकावर आंबील शिंपडतो आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवू घालतो. ज्याला रान नाही तो कुणाच्या तरी हाकेवर जेवायला जातो. आम्ही हाक मारणाऱ्यांतून उठून हाकेवर जाणाऱ्यांत जाऊन बसलो होतो. लोक मायेनंच बोलवायचे. आई जायची, चार घास खायची, त्या दिवशीच्या हिरव्या दाण्यांच्या भाजीची, भज्जीची, तारीफ करायची आणि घरी आली की भिंतीकडं तोंड करून निजायची.

दुष्काळ पडला त्या साली दिवाळीत वडील तलावाच्या भिंतीवर उभे राहून बघून आले.

"आपल्या हिरीचं कडं उघडं पडलंय," ते म्हणाले. "भवतीनं समदा गाळ हाय. पन रान दिसतंय."

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "औंदाची येळवस आपल्या रानात करायची," ती म्हणाली. "लोकास्नी आपुन हाक मारायची."

मग दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. तलाव लांब, गाव तर कधीच उठून गेलेलं, मग मुक्कामाला राहायचं कुठं? वडिलांनी ट्रॉलीची टूम काढली. ऊसच नसल्यामुळं कारखाना थंड पडला होता, आणि रिकाम्या ट्रॉल्या उन्हात तापत उभ्या होत्या. ट्रॅक्टरमालकानं दोन दिवसांसाठी हो म्हटलं. वडील मूळचे हौशी. त्यांनी ट्रॉलीवर बांबूच्या कमानी बांधल्या, वर ताडपत्री ओढली, खाली उसाचं पाचट अंथरून त्यावर सतरंजी टाकली. मागची फळी खाली सोडली की स्वयंपाकाचा ओटा तयार. कंदील कुठं टांगायचा यावरसुद्धा दोन संध्याकाळी वाद झाला. आई म्हणायची, "घर बांदताना येवडा इचार केला न्हाय तुमी."

गाळात चाकं रुतू नयेत म्हणून पाचटाचे भारे बरोबर घ्यायचे ठरले. चिलटं पळवायला कडुलिंबाचा पाला. कोपीला कडबा मात्र कुठं मिळेना, जो होता तो जनावरांनाच पुरत नव्हता. वडील म्हणाले, तुराट्यांची कोप करू. आई म्हणाली, "कडब्याबिगर कसली कोप?" भज्जीला हिरवे दाणे लागतात, ते तर बाजारात बघायलाही नव्हते. शेवटी आईनं वाळके हरभरे भिजत घातले. ताक कुणाकुणाच्या दारात जाऊन वाटी वाटी गोळा केलं आणि आंबिलीचा घागरीएवढा बिंदगा भरला. एवढं सगळं चाललं होतं, तरी मला आतून वाटत होतं की हे काही खरं नाही. मी बारा वर्षांची होते आणि आमच्या घरात ठरलेलं काही पार पडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

इतका विचार केला, पण रान आता कुणाचं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाणी हटलं म्हणजे रान आपलं, असंच आम्ही धरून चाललो.

येळवशीच्या सकाळी तलावाकाठी पोचलो. वडिलांनी पाचट टाकून ट्रॉली पुढं काढायचा प्रयत्न केला, पण ट्रॅक्टरचं चाक गेलं गाळात. आई तोवर खाली उतरून पुढं गेली होती. ती एकाएकी उभी राहिली. आमच्या विहिरीभोवती, लांबपर्यंत, हरभरा उभा होता. सगळ्या वाटेत हिरवं असं आम्ही एवढंच पाहिलं.

"आपल्या रानात कुनी पेरलं?" तिनं विचारलं.

हरभऱ्यातून एक माणूस आला. तो आमच्याच जुन्या गावचा, पूर्वी आमच्या रानात रोजानं यायचा. येळवशीला त्याचं घरदार आमच्याकडं जेवायला असायचं. आई त्यांना पोटभर वाढायची, पण लांब बांधावर. कोपीजवळ ते कधी आले नाहीत, आणि आम्हीही कधी या म्हटलं नाही.

त्यानं शांतपणे सांगितलं. भूमिहीनांनी मिळून सोसायटी काढली होती. तलावाचं उघडं पडलेलं रान सरकारनं त्यांना एका हंगामापुरतं पेरायला दिलं होतं. सांगून झालं आणि तो म्हणाला, "दादा, वैनी, चला. सैपाक झालाय, जेवाय चला." पूर्वी तो वडिलांना मालक म्हणायचा.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण रागवायचं कुणावर? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आणि येळवशीची हाक कुणी नाकारत नाही. आईनं भज्जीचं पातेलं कमरेवर घेतलं आणि घोट्याएवढ्या गाळातून त्याच्या मागं चालायला लागली.

त्यांच्याकडं कोप नव्हती. जुने देव त्यांनी कधीच सोडले होते. विहिरीजवळ पोती अंथरून त्याच्या बायकोनं आम्हाला आधी वाढलं. हिरव्या दाण्यांची भज्जी होती. आई खाली मान घालून जेवली.

"आन पाऊस झाला म्हंजी?" तिनं मध्येच विचारलं.

"मंग जातंय की पान्यात," तो म्हणाला. "तुमचं गेलं तसं. पाऊस पड म्हनावं का नगं, तेच कळंना झालंय."

आईनं आपलं पातेलं उघडलं आणि त्याच्या बायकोच्या ताटात भज्जी वाढली. मुक्काम केला नाही. त्यांच्यातल्या चौघांनी ट्रॅक्टर ढकलून काढून दिला.

पुढं पाऊस चांगला झाला, तलाव भरला, ऊस वाढला, कारखाना सुरू झाला. सगळी ढोकी खुशीत होती. एका संध्याकाळी वडील उसाची खेप टाकून घरी आले. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "त्या हरभऱ्याच्या मानसाचं आता कसं?"

वडील पाणी प्यायले. "उसाच्या तोडीवर आलाय," म्हणाले. "बायकूबी हाय संगं."