वरच्या कोपऱ्यातली माती

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या एका मदतनीसाला सगळे मातीमामा म्हणत. आलेली माती वाळवायची, लाकडी हातोडीनं कुटायची, चाळायची, चिठ्ठी लावायची. ओली पिशवी टेबलावर दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. साहेब आले नि गेले, पण मामांच्या चाळणीतून खडा सुटला असं कधी झालं नाही.

त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, शेत रंगाच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला होतं. बापानं कसलेली जमीन. सांडपाणी ओढ्यातून आत शिरू लागलं आणि चार वर्षांत जमिनीनं मान टाकली. गांडुळं गेली. नांगरटीत गाडलेली धाटं वर्षानं जशीच्या तशी वर यायची, कारण कुजवणारं आत कुणी उरलंच नव्हतं. कारखाना मात्र हात झटकून मोकळा: "तुमची जमीन मुळातच तशी."

प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या बाईंनी वाट काढली. मातीतले सूक्ष्मजीव श्वास घेतात, तो मोजता येतो. शेताच्या वरच्या एका उंच कोपऱ्यात अजून सांडपाणी पोचलं नव्हतं. तिथली माती श्वास घेते आणि खालची घेत नाही, हे शेजारी ठेवून दाखवलं, की कारखान्याची बोलती बंद. मामांनी दोन पिशव्या आणल्या. बाई तीन दिवस बाहेरगावी निघाल्या होत्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मामा, जपून ठेवा हं."

मामांनी जपलं! हवा ढगाळ होती, म्हणून त्यांनी दोन्ही पिशव्यांतली माती तापत्या भट्टीत दिवसभर ठेवून खडखडीत वाळवली. एरवी एकदा चाळत, या वेळी दोनदा चाळली आणि बरण्यांत भरली. बहिणीचं काम, त्यात कसूर कशी होऊ द्यायची?

बाई परतल्या, बरण्या पाहिल्या आणि एकीचं झाकण काढून कोरडी माती चिमटीत धरली.

"मामा, भाजलीत की हो ही! आता यात जिवंत काही नाही."

"दुसरी आणतो," म्हणत मामा तसेच धावत सुटले.

पण आदल्या दिवशी कारखान्याचा हौद फुटला होता. वरचा कोपराही निळ्या पाण्यात गेला होता. अक्कानं कळवलं नव्हतं. तिला वाटलं, आपली माती तर आधीच सुखरूप पोचलीय.

बांधावर उभ्या उभ्या मामांनी सगळं सांगून टाकलं. "कारखान्याला चार वर्षांत जमलं नाही, ते मी एका दिवसात केलं, अक्का."

"तुला कुणी कधी सांगितलं होतं का, माती ओली ठेवायची असते म्हणून?" ती म्हणाली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

"आता काय म्हणतील रे कारखानेवाले?"

"तेच. जमीन आधीपासूनच मेलेली होती."

अक्का निळ्या पाण्याकडे वळली.

"मग आपण दोघं वाढलो कशावर?"